व्हिडिओ वर्ग आणि ब्रिज अनेक विभागांनी वाटून वापरायचे असतील तर वेळापत्रक कसं लावावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुख्य इमारतीत तीन व्हिडिओ वर्ग, बाहेर सहा अभ्यासकेंद्रं, प्रत्येक केंद्रात दोन-तीन खोल्या आणि सगळ्यांना जोडणारा एकच ब्रिज, म्हणजे अनेक ठिकाणांचं चित्र आणि आवाज एका तासात एकत्र आणणारं यंत्र. पाच विभाग हे सगळं वापरतात. सामायिक ऑनलाइन कॅलेंडर केलंय, तरी दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा तास बुडतो. आणि आता वरून फर्मान आलंय की चांगलं सॉफ्टवेअर शोधा.

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. मी बरीच वर्षं असंच एक वेळापत्रक सांभाळते आहे, आणि माझं ठाम मत आहे की भांडण खोलीवरून फार क्वचित होतं. खोली कॅलेंडरवर दिसते, तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. तास बुडतो तो कॅलेंडरवर कुणीच न लिहिलेल्या गोष्टींमुळे. ब्रिजचे पोर्ट (एका वेळी जितकी ठिकाणं जोडता येतात तितक्या जागा), रेकॉर्डर, तंत्रज्ञ आणि दोन तासांमधली दहा-पंधरा मिनिटं यांची नोंद कुठेच नसते.

समजा तुमचा ब्रिज २० पोर्टांचा आहे. सकाळी ११ ला तीन विभागांचे तास आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वर्गांत. प्रत्येक तासाला शिकवणारा वर्ग एक आणि केंद्रं सहा, म्हणजे सात पोर्ट. तीन तासांचे झाले २१. तिन्ही तास रेकॉर्ड करायचे असतील तर रेकॉर्डरही ब्रिजला जोडलेलं एक टोकच असतं, म्हणजे आणखी तीन. एकूण २४. कॅलेंडर मात्र सगळं हिरवंगार दाखवतं, कारण तिन्ही वर्ग मोकळे होते आणि केंद्रांतल्या खोल्याही मोकळ्या होत्या. ११ वाजता जो आधी जोडेल तो आत. उरलेल्या चार जागी 'जोडणी होऊ शकली नाही' एवढंच दिसतं. केंद्रातल्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. तो केबल काढून परत लावतो, यंत्र बंद करून चालू करतो, तोवर वीस मिनिटं गेलेली असतात. बाहेर राहणारं केंद्र बहुधा तेच असतं, जिथे माणूस कमी आणि यंत्र जुनं, म्हणजे ज्यांना या तासाची सगळ्यात जास्त गरज असते तेच.

त्यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच हार्डवेअर ब्रिजवर १०८०पीची, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राची, जोडणी ७२०पीपेक्षा जास्त क्षमता खाते, बहुधा दुप्पट. म्हणजे '२० पोर्ट' हा आकडा कुठल्या दर्जाला आहे ते आधी विचारा. दोन ब्रिज एकमेकांना जोडून वापरत असाल तर त्या जोडणीलाही दोन्हीकडे एकेक पोर्ट जातो. आणि 'आमचं सगळं क्लाउडवर आहे, आम्हाला ब्रिजच नाही' म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. तिथे पोर्टांऐवजी होस्टचे, म्हणजे मीटिंग सुरू करणाऱ्या खात्यांचे, परवाने मोजावे लागतात. एका परवान्यावर एका वेळी ठरावीकच मीटिंगा चालतात. विभागाच्या एकाच खात्यावरून दोन प्राध्यापकांनी एकाच वेळी तास सुरू केला की कधी दुसऱ्याचा तास सुरूच होत नाही, तर कधी पहिल्याचा बंद पडतो.

म्हणून बुकिंग खोलीचं करू नका, अख्ख्या तासाचं करा. एका नोंदीत शिकवणारा वर्ग, ऐकणारी केंद्रं, लागणारे पोर्ट, रेकॉर्डिंग हवं की नको आणि तंत्रज्ञ कोण, हे सगळं एकत्र यायला हवं. यातली एक गोष्ट जरी मिळत नसेल तरी नोंद पक्की होता कामा नये. 'खोली तर मिळाली, ब्रिजचं बघू नंतर' असं जिथे चालतं तिथे ते 'नंतर' म्हणजे तास सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं असतात.

आता मधल्या वेळेबद्दल. १० ते ११ आणि ११ ते १२ या दोन नोंदी कॅलेंडरच्या लेखी एकमेकांवर येत नाहीत आणि गणितानं ते बरोबरच आहे. पहिली नोंद दुसरी संपायच्या आधी सुरू होत असेल आणि दुसरी पहिली संपायच्या आधी, तरच टक्कर. पण ११ वाजता प्रत्यक्षात काय चाललेलं असतं? पहिल्या तासाचे सर एका केंद्रातल्या मुलीचं 'शेवटची एकच शंका' ऐकत असतात. दुसऱ्या बाई दारात लॅपटॉप घेऊन उभ्या. केंद्रं अजून आधीच्याच तासात जोडलेली, त्यामुळे पुढच्या तासाची मुलं खोलीत येतात आणि भलत्याच विषयाचा फळा बघत बसतात. माईक आधीच्यांनी बंद करून ठेवलेला असतो, कॅमेरा फळ्यावर रोखलेला. एका केंद्राचा आवाज तपासायला दोन मिनिटं धरली तरी सहा केंद्रांची बारा होतात. तेव्हा प्रत्येक नोंदीला आधी १५ आणि नंतर १० मिनिटं अंतर्गत राखून ठेवा. ही मिनिटं फक्त तंत्रज्ञाच्या आणि वेळापत्रक लावणाऱ्याच्या पानावर दिसू द्या. प्राध्यापकांना दिसली की ती तासातच धरली जातात (अनुभवी माणसाला हे वेगळं सांगायला नको). एकाच विषयाचे लागोपाठ दोन तास त्याच केंद्रांशी असतील तर मधली मिनिटं सोडून द्या, उगाच नियम म्हणून अडवू नका.

केंद्रं वेगवेगळ्या संस्थांची असतील तर घंटेचा घोळ वेगळाच. एकीकडे तास ५० मिनिटांचा, दुसरीकडे ६०चा. एकीकडे सव्वाला सुरू, दुसरीकडे ठोक्याला. एका जागी सत्र संपतं तेव्हा दुसऱ्या जागी परीक्षा सुरू होते आणि व्हिडिओची खोली परीक्षेला दिली जाते, तेही कुणाला न कळवता, कारण त्यांच्या दृष्टीनं ती त्यांचीच खोली. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसलाय. सत्र सुरू व्हायच्या आधी प्रत्येक केंद्राकडून सुट्ट्या, परीक्षांचे आठवडे आणि घंटेच्या वेळा मागून घ्यायच्या आणि त्या 'बंद' म्हणून आधीच भरून टाकायच्या. आणि नोंद पक्की तेव्हाच, जेव्हा त्या केंद्राचा माणूस 'हो' म्हणेल. मौन म्हणजे होकार धरू नका.

केंद्र दुसऱ्या देशात असेल तर टाइमझोनचं नीट बघा. फरक किती तासांचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो फरक सत्राच्या मध्येच बदलतो हे विसरलं जातं. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे दर वसंतात दोन-तीन आठवडे त्या दोघांमधला फरक एका तासानं वेगळा असतो. शरद ऋतूत हेच एक आठवडा होतं. भारतासारख्या देशात घड्याळ हलतच नाही, त्यामुळे आपल्या भिंतीवर काहीच बदललेलं दिसत नाही आणि पलीकडचा वर्ग एक तास आधी येऊन बसतो किंवा तास संपल्यावर येतो. दर आठवड्याचा तास नोंदवताना 'कुठल्या शहराच्या घड्याळानं' हे नोंदीतच असायला हवं. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचं जे प्रमाण आहे, आयकॅलेंडर, त्यात १९९८ पासून त्याची सोय आहे. जुन्या व्यवस्थेत सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे कधीच न हलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवलं असेल, तर घड्याळ बदललं की सत्राचे उरलेले सगळे तास सरकतात.

आता या सगळ्यातला खरा अवघड भाग, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही. दोघांना एकच वेळ हवी असेल तर कोणी सरकायचं? हे तुम्ही लिहून ठेवलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याला वेळ मिळते, आणि लावणारा माणूस दोन विभागप्रमुखांच्या मध्ये भरडला जातो. माझा क्रम असा आहे: ज्या तासाला श्रेयांक आहेत आणि ज्याच्या दुसऱ्या टोकाला मुलं बसलेली आहेत तो आधी. मग प्रबंधाची मौखिक परीक्षा, कारण बाहेरच्या परीक्षकाची तारीख एकदा ठरली की हलत नाही. मग पाहुण्यांची व्याख्यानं. बैठका सगळ्यात शेवटी, मग त्या कितीही वरच्या असोत. शेवटचं कलम वरिष्ठांच्या सहीनं मंजूर करून घ्या. सही झाली की बैठकवाल्यांना 'नाही' म्हणणं सोपं जातं, कारण नकार तुमचा राहत नाही, नियमाचा होतो. शिवाय एक मुदत हवी, समजा तासाच्या आधी सात दिवस. त्यानंतर पक्क्या नोंदीला कुणीही, कुठल्याही कारणानं हलवायचं नाही. दूरच्या केंद्रावर येणारी बरीच मुलं नोकरी सांभाळून येतात. त्यांना आदल्या दिवशी कळवलेला बदल म्हणजे न कळवल्यासारखाच.

सत्राचं मूळ वेळापत्रक लावताना 'सगळ्यात उत्तम मांडणी' देणारं बटण शोधू नका. १९७६ सालीच एव्हन, इटाय आणि शामीर यांनी दाखवून दिलंय की वेळापत्रकाचा प्रश्न, बराच सोपा करून घेतला तरी, एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे, सगळ्या अटी पाळून मांडणी शक्य आहे की नाही हे प्रत्येक वेळी झटपट सांगणारी पद्धत कुणाकडे नाही. पण तुमच्या आकाराच्या कामाला साधा हिशेब पुरतो. सगळ्यात अडलेला तास आधी बसवा. सहाही केंद्रं, रेकॉर्डिंग आणि फक्त मंगळवारी येणारा प्राध्यापक, असा जो असेल तो पहिला. एका केंद्राशी होणारे सुटसुटीत तास फटींत कुठेही मावतात. उलट केलंत, म्हणजे अर्ज आले त्या क्रमानं बसवलंत, तर सोपे तास मोक्याच्या जागा अडवून बसतात.

अडवणुकीचं म्हणाल तर, 'असू दे' म्हणून अख्ख्या सत्राचे तास धरून ठेवणारा एक तरी विभाग तुमच्याकडे असणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. महिन्यातून एकदा ब्रिजचा कॉल-लॉग (कोण कधी जोडलं याची यंत्रानं ठेवलेली नोंद) काढा आणि कॅलेंडरशेजारी ठेवा. कुठल्या नोंदीच्या वेळी प्रत्यक्षात एकही जोडणी झाली नाही ते लगेच दिसतं. ती यादी सगळ्या विभागांना पाठवा, टिप्पणी न करता. लागोपाठ दोनदा रिकामा गेलेला तास मोकळा करायचा, असा नियम त्या यादीनंतर कुणालाच जाचत नाही. काही व्यवस्थांत १५ मिनिटांत कुणी आलं नाही की खोली आपोआप सोडली जाते. बैठकांना ते ठीक, पण शिकवण्याच्या तासांना लावू नका. प्राध्यापकांना यायला उशीर झाला म्हणून सहा केंद्रांवरच्या मुलांचा तास गेला, असं व्हायचं.

आणि मागणीही तपासा. सगळंच थेट हवं का? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे कार्यक्रम जानेवारी १९७१ पासून बीबीसीवर लागायचे, आणि तिथे वाटून घ्यायची गोष्ट होती प्रक्षेपणाची वेळ. मिळायच्या त्या पहाटेच्या नाहीतर रात्री उशिराच्या. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर आले तसा तो पेच सैल झाला, कारण मुलं रात्री टेप करून दिवसा बघू लागली. २००६च्या डिसेंबरात ते पाठ-प्रक्षेपण बंदच झालं. तुमच्याकडेही एकतर्फी व्याख्यानं आधी रेकॉर्ड करून दिली आणि थेट वेळ फक्त शंका, चर्चा, प्रात्यक्षिक यांना ठेवली, तर ब्रिजवरचा भार बराच हलका होईल. प्राध्यापक सुरुवातीला कुरकुरतात. कुरकुरू द्या.

आता सॉफ्टवेअर. एमआरबीएससारखी मोफत मुक्तस्रोत व्यवस्था असो, संस्थेच्या ईमेलबरोबर येणारं खोल्यांचं बुकिंग असो की विकत घेतलेलं काही, विक्रेत्याला इतकंच विचारा: एका नोंदीत अनेक साधनं 'सगळी नाहीतर एकही नाही' अशी धरता येतात का, आधी-नंतरची मिनिटं लपवून राखता येतात का, आणि दर आठवड्याची नोंद एखाद्या शहराच्या घड्याळाला बांधता येते का. चौथा प्रश्न, पोर्टांसारखी मोजायची साधनं त्याला कळतात का, याला बहुतेक ठिकाणी 'नाही' असंच उत्तर येईल. त्यावर एक साधी युक्ती आहे. २० पोर्टांचे आठ, आठ आणि चार असे तीन वाटे करा आणि 'ब्रिज अ', 'ब्रिज आ', 'ब्रिज इ' अशा तीन खोट्या खोल्या म्हणून कॅलेंडरवर टाका. सहा केंद्रं आणि रेकॉर्डर असलेला तास बरोबर एका मोठ्या वाट्यात बसतो, लहान तास तिसऱ्यात जातात. मोठे वाटे अर्धे रिकामे राहतील तेव्हा थोडी क्षमता वाया जाते हे खरं, पण आजचं कॅलेंडरसुद्धा तिसऱ्या मोठ्या तासाला 'जागा नाही' म्हणू लागेल, आणि तेही सत्र सुरू व्हायच्या आधी.