काडतुसाची बंदूक आणि खोबरेल तेल

प्रश्न : सुभेदारसाहेब, आमच्याकडे आजोबांपासूनची दुनळी काडतुसाची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणुकीत जमा केली होती. अडीच महिन्यांनी परत आणली तर नळीवर तांबूस गंज. वडील दर रविवारी खोबरेलाने पुसायचे, मीही तेच करतो. मग गंज कसा धरला? आणि बाजारात इतकी तेलं आहेत, त्यातलं घ्यावं कोणतं? – एक बागायतदार, संगमेश्वर तालुका

उत्तर : वडिलांचा रविवारचा नेम मोडू नका. बदलायचं आहे ते फक्त तेल, आणि तेलाच्या आधी करायचं काम.

देवघरातल्या समईच्या बुडाशी साचलेलं जुनं तेल पाहा. चिकट, खवट, धूळ धरलेलं, आणि पितळेवर हिरवट कळंक. खोबरेल खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात, ती धातू खातात. शिवाय 24 अंशांच्या आसपास ते थिजतं. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यात ऐन पौषात एकांनी बंदूक दाखवायला आणली. घोडा पडतो, बार उडत नाही, अशी तक्रार. खोलून बघतो तर फायरिंग पिनच्या भोकात खोबरेल आणि धूळ मिळून मेणाची गुळी झालेली. पिन अडखळत पुढे जायची, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर, जिच्या ठिणगीने दारू पेटते तिच्यावर, ठोसा बसायचाच नाही. अशी वेळ आली तर लगेच बंदूक बिजागरीवर उघडून बघू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. उशिरा उडणारा बार माणसाचा जीव घेतो.

आता तेल. तेलाची कामं तीन : मळ सोडवणं, घासणाऱ्या भागांना वंगण देणं, गंज अडवणं. बंदुकीसाठी म्हणून मिळणारं सीएलपी (क्लीन, लुब्रिकेट, प्रोटेक्ट) जातीचं तेल तिन्ही कामं बेताने करतं. घरात एकच बाटली ठेवायची असेल तर ती ठेवा. शिलाई मशीनचं तेल वाईट नाही. पातळ आहे, गोंद होत नाही. पण त्याचा थर लवकर उडतो, कोकणच्या पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा लावावं लागेल. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली पाणी हुसकावण्यासाठीच बनवलेलं. नावातला डब्ल्यूडी त्याचाच, ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’चा. भिजलेल्या बंदुकीवर जरूर मारा, पण तेवढ्यावर बंदूक कपाटात ठेवू नका. त्यातला बराचसा भाग उडून जातो, मागे उरतो तो थर फार पातळ. रॉकेल मळ काढतं आणि पोलाद उघडं सोडतं, म्हणून त्यानंतर तेल हवंच. गाडीचं जळकं ऑइल मात्र अंगणातसुद्धा आणू नका. त्यात काजळी असते, आम्लही असतं.

तुमच्या गंजाचं कारण बहुधा तेलाच्या खाली आहे. घामाचा हात, खारी हवा आणि बाराची राख नळीवर राहिली आणि वरून तेल चोपडलं, तर पोलाद आतल्या आत खाल्लं जातं. म्हणून आधी दोन्ही घरं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग मळ सोडवणारं तेल लावून कांस्याचा ब्रश घराच्या बाजूने नळीत घाला आणि तोंडातून बाहेर काढा. छऱ्यांचं शिसं घराच्या पुढेच जास्त बसतं, तिथे चार हात जास्त मारा. त्यानंतर चिंदी. फौजेत आम्ही फुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, 4 बाय 2 इंचांची चिंदी लावायचो, आणि ती पांढरी बाहेर येईपर्यंत उस्ताद उठू देत नसत. चिंदी पांढरी आली की मगच तेल, तेही दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन. बिजागरीच्या खिळीला आणि कुलपाच्या खाचेला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. बार काढण्यापूर्वी नळी आणि घरं कोरडी पुसायची. काडतुसांना तेलाचा हात लावायचा नाही. तेल टोपीत मुरतं आणि बार फुसका जातो.

वरवरचा तांबूस गंज तेल लावून बारीक कांस्य लोकरीने हलकेच निघतो. नळीच्या आत खड्डे दिसले तर घरी काही करू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो सांगेपर्यंत त्या नळीतून बार काढू नका.

ठेवताना नळीचं तोंड खाली. दस्ता खाली करून उभी ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि स्क्रू ढिले होतात. चामड्याच्या कव्हरात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. दस्त्याला जवसाचं तेल चालतं, हातावर घेऊन जिरवायचं. फक्त त्याची फडकी गोळा करून टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा. गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेट घेतात.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. खंडेनवमीला शस्त्रपूजन अवश्य करा, मीही करतो. पण ओलं गंध आणि कुंकू नळीवर नको, दस्त्यावर एक बोट लावा. झेंडूची ओली माळ रात्रभर नळीवर राहिली की तिच्याखाली डाग पडतो. संध्याकाळी माळ काढा आणि बंदूक पुसून तेल द्या.

प्रश्न : माझी ठासणीची बंदूक आहे. तीच तेलं चालतील का? – कुडाळहून एक वाचक

उत्तर : नाही, तुमचं गणित वेगळं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि खनिज तेलाबरोबर तिचं डांबर होतं. म्हणून ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी धुवायचं. बंदूक भरलेली नाही याची गज घालून खात्री करा, मग कढत पाणी आणि साबण. पाणी स्वच्छ येईपर्यंत. कढत पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते, हा दुसरा फायदा. पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल लावा. पुढच्या वेळी भरण्याआधी ते पुसून घ्या, निपलचं (टोपी बसवतात त्या बोंडाचं) भोकही. तिथे तेल राहिलं तर टोपी फुटते आणि बार पेटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल शिकते. नळीत कोणतं तेल घालावं? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, नळीत तेल घालू नका. स्प्रिंगच्या रायफलीत तेल दाबाने पेटतं, मोठा आवाज होतो आणि हवा अडवणारं सील जळतं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलीला तर खनिज तेल अजिबात नाही, कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही सीलपुरतं. नळीसाठी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) साफसफाईच्या गोळ्या कोरड्याच ढकला. बाहेरच्या पोलादावर तिच्या हाताचा घाम राहतो, तो सराव संपल्यावर लगेच तेलाच्या फडक्याने पुसायला शिकवा. आणि सिलिंडरवर छापलेली मुदत आजच वाचून घ्या.