भिंतींचा रंग आणि घरातला मूड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा भांडुपला पहिल्या मजल्यावर वन बीएचके आहे, हॉलची खिडकी उत्तरेला आणि समोर लगेच शेजारच्या बिल्डिंगची भिंत. दिवाळीत मुलाने फोनवर फोटो बघून हॉल ग्रे करून घेतला. दिसतो छान, पण सासूबाई दिवसभर तिथेच बसतात आणि म्हणतात कायम मळभ आल्यासारखं वाटतं. जाऊबाई म्हणतात लेमन यलो मार, मन प्रसन्न होतं. मारू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: ताई, लेमन यलो नको, आणि सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं आहे. ग्रे भरपूर ऊन येणाऱ्या घरात खुलतो, फोटोतली घरं तशीच असतात. तुमच्याकडे येतो तो उजेड समोरच्या भिंतीवर आपटून, तिचाच रंग घेऊन आत येतो. त्यात ट्यूब बहुतेक ६५००के ची असणार (के म्हणजे केल्विन, हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर), बॉक्सवर कूल डेलाइट लिहिलेली, मुंबईत सर्रास तीच लावतात, तिचा निळसर उजेड ग्रेवर पडला की भिंत मळकटच दिसणार.

शिवाय वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणजे एकाच खोलीत बसून सासूबाईंच्या डोळ्यात तुमच्यापेक्षा कमी उजेड पोचतो. तुम्हाला जो ग्रे दिसतो तो त्यांना अजून काळपट दिसतो हो. म्हणून आधी ट्यूब बदला, ३००० ते ४०००के मधली घ्या, आणि त्यांच्या खुर्चीजवळ एक वेगळा दिवा लावा. एवढ्यानेच बराच फरक पडेल आणि खर्च काहीच नाही म्हणा ना.

आता पिवळ्याचं. वाल्डेझ आणि मेहराबियन यांनी १९९४ मध्ये रंग आणि भावनांवर अभ्यास केला होता, त्यात रंग कुठला यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक आहे याचाच प्रभाव जास्त दिसला. छोट्या हॉलमध्ये चारही भिंती एकमेकींवर पिवळा उजेड फेकतात, शेड कार्डावर गोड दिसलेला लेमन यलो भिंतीवर अंगावर येतो, माणसांचे चेहरेसुद्धा पिवळट दिसतात. त्यापेक्षा किंचित पिवळ्याकडे झुकणारा ऑफ-व्हाइट घ्या, खिडकीसमोरची भिंत तर नक्की त्याच रंगाची करा कारण उजेड आधी तिच्यावर पडतो. मुलाला वाईट वाटत असेल तर टीव्हीमागे ग्रे राहू दे.

पूर्ण डबा आणायच्या आधी सँपलची छोटी डबी आणा, ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा, वाळलं की सासूबाईंच्या समोर चिकटवा. सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूब लावल्यावर बघा आणि शेवटचा शब्द त्यांचा ठेवा, दिवसभर तिथे त्या बसतात. कुठे ओल असेल, पापुद्रे सुटत असतील तर आधी लीकेज काढा, नाहीतर कितीही भारी इमल्शन लावा, पावसाळ्यात फुगणार.

आणि हे मनापासून सांगते, त्यांचं जेवण किंवा झोप कमी झाली असेल, बोलणं कमी झालं असेल तर रंगाची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, फार चिडतो. गुलाबी खोलीत राग शांत होतो असं वाचलं, खरं आहे का?
– एक बाबा, डोंबिवली

उत्तर: ही गोष्ट १९७९ ची आहे, अमेरिकेत सिएटलला नौदलाच्या कोठडीत भिंती गुलाबी केल्या आणि कैदी शांत झाले असं सांगितलं गेलं, त्या रंगाला बेकर-मिलर पिंक म्हणतात. पण २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तुलना करून पाहिलं तर काहीच फरक दिसला नाही. त्यामुळे त्याला न विचारता गुलाबी मारू नका, चिडेलच. त्याला शेड कार्ड द्या आणि स्वतः निवडू दे. फक्त झोपायच्या आधी तासभर खोलीत पांढरी ट्यूब बंद करून पिवळा मंद दिवा लावा, कारण निळसर उजेडाने झोप लांबते, आणि नववीतल्या पोरांची अर्धी चिडचिड अपुऱ्या झोपेची असते असं माझं मत आहे.