एका गाडीत खरंच किती सुटतात?

तुझा प्रश्न असा आहे की मकरपुरा जीआयडीसीतली, म्हणजे औद्योगिक वसाहतीतली, नोकरी सोडून जुन्या गाड्यांचा धंदा सुरू करावा का. बारा लाख हाताशी आहेत, काकांचा वाघोडिया रोडला प्लॉट आहे, आणि मित्र सांगतो की एका गाडीत पन्नास हजार सहज सुटतात. आमचं बडोद्यात ऑटो कन्सल्टचं, म्हणजे जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचं, काम एकोणीस वर्षं चाललंय. हे गाडी बघतात, मी कागद आणि हिशोब बघते. तू अठ्ठावीस वर्षांचा आहेस म्हणतोस, म्हणून ‘तू’च म्हणते.

आधी ते पन्नास हजार. एका वॅगनारचा हिशोब सांगते, आकडे गोल केलेत. तीन लाख दहा हजारांना घेतली, तीन लाख पंचावन्न हजारांना विकली. म्हणजे पंचेचाळीस हजारांचा फरक, तुझ्या मित्राला दिसतो तो हाच. आता त्यातून काय गेलं ते बघ. दलाली पाच हजार, सर्व्हिस आणि ब्रेक पॅड साडेसहा, पुढचे दोन टायर साडेसात, बंपरचं डेंटिंग-पेंटिंग चार, आतली धुलाई आणि पॉलिश दीड. उरले साडेवीस हजार. मग जीएसटी. आधी लहान गाड्यांना १२ टक्के होता, डिसेंबर २०२४च्या कौन्सिलच्या बैठकीत जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के ठरला. तो पूर्ण किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीच्या फरकावर लागतो, आणि तोट्यात विकली तर लागत नाही. पण टायर-पेंटिंगचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. पंचेचाळीस हजारांत कर धरलेला आहे असं मानलं तरी ६,८६४ रुपये सरकारचे. उरले साडेतेरा हजारांच्या थोडे वर.

ती गाडी चाळीस दिवस उभी होती. आमच्या पैशाला महिना दीड टक्का व्याज पडतं, त्यात पावणेसात हजार गेले. हातात राहिले सातेक हजार. जागेचं भाडं आणि पोराचा पगार अजून त्यात धरलेला नाही. तीच गाडी दहा दिवसांत गेली असती तर बारा हजार राहिले असते. या धंद्यात मी किमतीपेक्षा दिवस जास्त मोजते. माझ्या वहीत प्रत्येक गाडीपुढे एक रकाना आहे, ‘दिवस’. पंचेचाळीस दिवस झाले की मी यांना सांगते, आता भाव धरून बसू नका, निघेल त्यात काढा. यावरून आमची भांडणं झालीत. यांचा जीव गाडीत असतो, स्वतः हात लावून उभी केलेली गाडी कमी भावात द्यायची म्हटलं की त्यांना लागतं. पण वही बघितली की तेही मानतात.

दिवस आपल्या हातात नसतात, हेही आधीच समजून घे. श्राद्धपक्षात कोणी गाडी घेत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून कमुरता, म्हणजे इथे अशुभ मानतात तो महिना, लागला की पार्टी टोकन देते आणि सांगते, डिलिव्हरी उत्तरायणानंतर. म्हणजे गाडी तुझ्या जागेवर, उरलेले पैसे त्यांच्या खात्यात. आणि २०२५चं तर विचारू नकोस. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन थंड. नवीन लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या दिवसांत श्राद्धपक्षही आला. आमच्याकडे तेव्हा सात गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या तीन एक-दोन वर्षं जुन्या. नवीन पेट्रोल हॅचबॅक साडेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली, मग वर्षभर चाललेली गाडी जुन्या भावाने कोण घेईल? त्या तिन्ही आम्ही घातल्या किमतीच्या खाली काढल्या. सात-आठ वर्षं जुन्या गाड्यांना तेवढा धक्का बसला नाही. म्हणून माझा सल्ला असा की सुरुवातीला जवळजवळ नव्या गाड्यांच्या नादी लागू नकोस, त्यात पैसाही जास्त अडकतो.

आता गाडी बघण्याबद्दल. मीटर पाडलेलं, म्हणजे किलोमीटर मागे फिरवलेलं, कसं ओळखायचं, पिलरचं, म्हणजे दाराच्या खांबाचं, सीलंट कसं बघायचं, हे तुला चांगला गॅरेजवाला महिनाभरात शिकवेल. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी तीस हजार किलोमीटर चालली म्हणतात, पण टायर बदललेले, पॅडलचं रबर गुळगुळीत, तर सर्व्हिसचं रेकॉर्ड मागायचं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीत नोंद आहे का आणि सिलेंडरची तीन वर्षांची टेस्ट झाली आहे का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

पण बडोद्यात राहून धंदा करायचा तर एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी आणि नाकाने शिकावी लागेल, ती म्हणजे पुरातली गाडी. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४, विश्वामित्री नदी दोन्ही वेळा घरात शिरली ते तू बघितलंच आहेस. २०२४ नंतरचे सहा-आठ महिने आमच्याकडे अशा गाड्या येत राहिल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसान धरते. त्यातल्या कितीतरी मग लिलावात जातात, कोणी घेतो, धुतो, आणि चकाचक करून बाजारात आणतो.

एक पांढरी हॅचबॅक अजून डोळ्यांसमोर आहे. सीट कव्हर नवे, आत अत्तराचा भपका, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. विकणारा म्हणाला, “बेन, गाडी तो पार्किंगमां ज रही छे.” यांनी ड्रायव्हरचा सीट बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात बेल्टचा जो भाग कधीच बाहेर येत नाही, ती शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची होती आणि तिच्यावर आडवी रेघ होती, भांड्यात पाणी आटल्यावर राहते तशी. मग सीट मागे सरकवली. रुळाचे बोल्ट गंजलेले. कार्पेटचा कोपरा उचलून मी बोट घातलं तर खालचा फोम ओलसर, बोटाला बारीक गाळ. गाडी पार्किंगमध्येच होती हे खरंच असेल, पार्किंग तळघरात होतं इतकंच त्याने सांगितलं नाही. आम्ही हात जोडले. पंधरा दिवसांनी तीच गाडी दुसऱ्याच्या दारात उभी दिसली, पुढे कुठे गेली माहीत नाही. अशा गाडीत वायरिंगचे सांधे आतून हिरवे पडत जातात, एअरबॅगचं कंट्रोल युनिट खाली कन्सोलजवळ असतं, ते भिजलेलं असेल तर वेळेला एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. कोणाची मुलं त्यात बसणार आहेत. भाव कितीही पाडून मिळत असला तरी अशी गाडी घेऊ नकोस, आणि चुकून घेतलीस तर पुराची आहे हे सांगूनच वीक.

आता माझी बाजू, कागद. हे लिहिताना मला २०१३ची दुपार आठवते. दांडिया बाजारातले एक निवृत्त शिक्षक, त्यांची मारुती ८०० आम्ही घेतली होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे टीटीओ, म्हणजे मालकी बदलायच्या, फॉर्मवर सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवलं, चेक दिला. गाडी पुढे सौराष्ट्रातल्या एका दुकानदाराला विकली, सोबत तेच कोरे फॉर्म दिले. त्याने कोणाला दिली आम्ही विचारलं नाही. दीड वर्षाने ते शिक्षक काका आमच्या दारात उभे. हातात दुधाची पिशवी, तिच्यात घडी घातलेली नोटीस. त्या गाडीने एका स्कूटरवाल्याला उडवलं होतं, विमा संपलेला होता, आणि नुकसानभरपाईचा दावा काकांच्या नावावर होता. ते एवढंच म्हणाले, “मी गाडी विकली ना हो? मग हे माझ्या नावाने का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी कोणाकडे आहे हे सांगायलाही माझ्याकडे कागद नव्हता. पुढची चार वर्षं वकील, तारखा, शेवटी तडजोडीची रक्कम, त्या गाडीत जे कमावलं त्याच्या कितीतरी पट गेलं. ते जायलाच हवं होतं, चूक आमची होती. काकांनी त्यानंतर आमच्याकडे कधी चहा घेतला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कायदा तेव्हाही स्पष्ट होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की गाडी मधे कितीही हातांतून गेली असली तरी रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे आपल्या कोऱ्या फॉर्मपायी एखादा परका, साधा माणूस अडकतो. मधला हा जो काळ आहे, जुन्या मालकाने गाडी दिली आणि नवा अजून मिळाला नाही, त्यासाठी आता नियम झालेत, एप्रिल २०२३ पासून लागू. आरटीओकडून जुन्या गाड्यांचे डीलर म्हणून फॉर्म २९-बी ची मान्यता घ्यायची, ती पाच वर्षं चालते. गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा, तेव्हापासून कायद्याने जबाबदार आपण. गाडी फक्त ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामापुरती बाहेर काढायची आणि त्याची नोंद ठेवायची. ‘कोण करतंय एवढं’ असं तुला दहा जण सांगतील. तू पहिल्या दिवसापासून कर. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत दोन-चार फेऱ्या जास्त होतील, पण जुना मालक रात्री निवांत झोपेल. आणि असा माणूस पुढच्या वेळी भावाची, जावयाची गाडी तुझ्याकडेच आणतो. आमच्या निम्म्या गाड्या अशाच येतात, त्यात दलालीही वाचते.

बाकी कागद थोडक्यात. ई-मेमो, म्हणजे ट्रॅफिकचे ऑनलाइन दंड, किती बाकी आहेत ते सौदा ठरण्याआधी ऑनलाइन बघ आणि विकणाऱ्याकडून भरून घे. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. बहुतेक एनओसींची मुदत तीन महिन्यांची असते, ती संपली की पुन्हा बँकेच्या पायऱ्या. महाराष्ट्राच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर तिची आरटीओची एनओसी, इथला कर आणि त्यात जाणारे दिवस आधी भावात धर. आणि घेणाऱ्याला सांग की विमा त्याच्या नावावर झाला तरी नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. हे आधी सांगितलं नाही तर नंतर तोच माणूस सगळीकडे सांगत फिरतो की मला फसवलं.

तुझ्या बारा लाखांबद्दल. आठ लाखांत तीन गाड्या, जास्त नाही. चार लाख बाजूला ठेव, कारण एक गाडी अडकली की दुसरी घ्यायला पैसे लागतात आणि घरही चालवायचं आहे. नोकरी लगेच सोडू नकोस. सहा महिने सुट्टीच्या दिवशी एखाद्या कन्सल्टवाल्याबरोबर फिर, गाड्या बघ, मनातल्या मनात भाव लाव आणि त्या कितीला गेल्या ते लिहून ठेव. तुझी बायको बँकेत आहे असं लिहिलंयस, तर वही तिच्याकडे दे. गाडी घेणाऱ्यानेच हिशोब ठेवला की तो स्वतःच्या गाडीवर मेहेरबान होतो.

काकांच्या प्लॉटवर पत्रे टाकण्याआधी एक कर. वाघोडिया रोडला जाऊन आजूबाजूच्या दुकानदारांना विचार की २०२४च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि किती दिवस उतरलं नाही. भिंतीवर खूण असेल तर टेप लावून मोज. मग मला आकडा सांग, पुढचं त्यावर बोलू.