ओक्लाहोमाला जाताय? आधी घर बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, मिस्टरांना अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत जॉब मिळालाय, पोरं ४ आणि ८ वर्षांची आणि टॉर्नेडोचे, म्हणजे तिकडच्या भोवऱ्यासारख्या वादळांचे, व्हिडिओ बघून तुमची झोप उडालीय. ते व्हिडिओ आधी बंद करा बाप्पा. मी तिकडंच राहतो, सध्या सुट्टीत नागपूरला मनीष नगरमध्ये आईकडे आलोय म्हणून निवांत लिहितो.

जाऊ नका असं म्हणणार नाही, पण घर नीट बघितल्याशिवाय लीजवर सही करू नका. आम्ही केली होती, स्वस्त पडला म्हणून तिसरा मजला, आणि पहिल्याच मे महिन्यात सायरन वाजला तसं पोरीला उचलून धडाधड खाली, अनोळखी बाईच्या बाथरूममध्ये सात माणसं अन् एक कुत्रं. तर तळमजला घ्या आणि शेल्टर, म्हणजे वादळात लपायची मजबूत जागा, आहे का ते सरळ विचारा. तिकडची चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखी फुगते-आकसते, त्यामुळं तळघरं कमीच, बरेच लोक गॅरेजच्या फरशीखाली लोखंडी शेल्टर बसवून घेतात. तेही नसेल तर बिनखिडकीची सगळ्यात आतली खोली, अंगावर गादी, डोक्यावर सायकलचं हेल्मेट अन् पायात बूट, कारण नंतर काचा-खिळ्यांतून चालावं लागतं.

तिकडचं हवामान खातं दोन इशारे देतं. वॉच म्हणजे टॉर्नेडो होईल अशी हवा झालीय, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे टॉर्नेडो रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलाय, लगेच आत. सायरन बाहेर असलेल्यांसाठी असतो, घरात ऐकू येईलच असं नाही, म्हणून मोबाईलचे अलर्ट चालू ठेवा. शनिवारी दुपारी १२ ला सायरनची टेस्ट असते, पहिल्यांदा तुम्ही दचकणार.

शाळेचं लपवत नाही. २० मे २०१३ ला शेजारच्या मूर गावात टॉर्नेडोनं एका शाळेत ७ मुलांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या शाळांत सेफ रूम बांधल्या, पण तुमच्या शाळेत आहे का ते अ‍ॅडमिशनच्या आधी विचाराच. आणि वॉर्निंग असताना पोराला आणायला गाडी काढू नका, जीव तुटतो तरी. हायवेच्या पुलाखाली थांबणं तर त्याहून वाईट.

पोरं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. परवा इथं संध्याकाळी वादळ आलं, लाईट गेली, तर आमची पोरगी बूट घालून आजीला बाथरूमकडे ओढत होती, अन् आई ओरडत होती, अगं सोड, गच्चीवर पापड वाळत टाकलेत!