आयर्लंड डेन्मार्कपेक्षा श्रीमंत?

प्रश्न : टीवायच्या प्रोजेक्टसाठी या दोन देशांची तुलना करतेय. दरडोई जीडीपीत आयर्लंड फारच पुढे दिसतो. खरं धरू का? – एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : नुसत्या जीडीपीवर जाऊ नका. २०१५ साली आयर्लंडची वाढ आधी चक्क २६ टक्के जाहीर झाली! रातोरात कारखाने उभे राहिले नव्हते. परदेशी कंपन्यांनी बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) कागदोपत्री तिथे हलवली होती, आणि तिची कमाई आयर्लंडच्या जीडीपीत धरली गेली. म्हणून तिथलं सांख्यिकी कार्यालय असा फुगवटा वगळून ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ वेगळं देतं, तेच घ्या. डेन्मार्कचं नेहमीचं राष्ट्रीय उत्पन्न चालेल. वर्ष एकच हवं, आकडे क्रयशक्तीनुसार (म्हणजे दोन देशांतल्या महागाईचा फरक जमेस धरून). राहणीमानासाठी युरोस्टॅटचा (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) दरडोई ‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ पाहा : त्यात सरकारी शाळा-दवाखान्यांचा खर्चही येतो, आणि डेन्मार्क पुढे निघतो. मानव विकास निर्देशांक मात्र जपून वापरा; त्यात आरोग्य-शिक्षणाबरोबर उत्पन्नही मोजतात, त्यामुळे आयर्लंडचा उत्पन्नातला फुगवटा तिथेही शिरतो.