पाटी पुसायला शीक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात गिऱ्हाईक भरीत मागतं, डिसेंबरात आमरस मागतं, नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जाऊन बसतं, म्हणून तू सगळंच बारा महिने ठेवतोस. आणि सगळ्यात खाली लिहिलंस, ‘मावशी, मला स्वतःलाच आता कशाची चव लागत नाही.’ गिऱ्हाइकाचं नंतर बघू. मला घोर लागला तो या शेवटच्या ओळीचा. खानदेशातल्या अमळनेरच्या पोराला चव लागेना, म्हणजे पुण्यात दुकान टाकून तू करतोस तरी काय?

मेहनत कर, धीर धर, असलं मी लिहिणार नाही. ते तुला येतं. मी एकच सांगणार आणि तू कंटाळलास तरी तेच सांगत राहणार. हंगाम गेला की दुकानातल्या पाटीवरून त्या पदार्थाचं नाव पुसायचं.

आता भरीत घे. पुण्यात बारा महिने वांगी मिळतात म्हणतोस. मिळत असतील. पण आपलं भरिताचं वांगं फिकट हिरवं, मोठं, आत बी कमी. आसोदा, भादली, बामणोदकडच्या काळ्या मातीत ते थंडीतच तसं पोसतं. त्याच सुमारास कपाशी निघते, म्हणून भाजायला पऱ्हाट्या, तिच्या वाळक्या काड्या, असतात. शेंगा नुकत्या घरात आलेल्या असतात, कांद्याला पात असते, हिरवी मिरची, कोथिंबीर ढिगानं असते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, वरून शेंगदाणे, मिरची, लसणाची फोडणी. खाली केळीचं पान आणि शेजारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. यातली एक वस्तू तरी मे महिन्यात तुला धड मिळेल का? गॅसवर वांगं भाजून साल निघेल रे, धूर कुठून आणशील?

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते बोर्डावर लिहू का, असं विचारलंस. खुशाल लिही. पण मानांकन वांग्याला मिळालंय, मे महिन्यातल्या तुझ्या भरिताला नाही.

आमच्या घरी चातुर्मासात वांगं बंद असायचं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की पहिला घास. मोठी माणसं देवाचं नाव सांगायची. मला मात्र आता वाटतं, त्यात देवापेक्षा जिभेची सोय जास्त होती. इतके महिने तोंडाला न लागलेली वस्तू समोर आली की माणूस जेवताना बोलत नाही. तुझ्या दुकानात रोज सकाळी भरीत, रोज रात्री भरीत, वर फ्रीजमधला आमरस. जिभेला कधी सुटी दिलीस? मग चव लागत नाही म्हणून मला काय विचारतोस!

आंब्याचंही तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीची घागर भरून, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवून, सांजोऱ्या आणि आंबा पितरांना दाखवल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडात घालायचं नाही. आता तू लगेच म्हणशील, मावशी, आखाजीला येणारा आंबा तर बहुतेक बाहेरचाच. खरं आहे. गावरान आंबा मागाहून पिकतो, आणि खरा रस त्याचाच, पातळ, जरा आंबट, दोऱ्यादोऱ्यांचा. म्हणून माझं म्हणणं काही पडत नाही, उलट आणखी थांब असं होतं. आणि मिरगाचा पाऊस पडला की आंब्यात अळी धरते. तिथं संपलं. पाटी पूस.

पुरणाच्या मांड्यांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी आयुष्यभर मांडे भाजायच्या खापरापाशी उभी राहिले. गहू ओलवून दळायचे, पीठ कापडानं चाळायचं, तेलपाण्यात तिंबून तिंबून लोण्यासारखं करायचं, मग पुरण भरून दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत मोठं करायचं आणि पालथ्या खापरावर टाकायचं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे बाहेरच पंचेचाळीस अंश, त्यात चुलीचा जाळ. आखाजीला गावातल्या लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या. मी लग्नानंतर कधी झोक्यावर बसले नाही. सगळ्यांच्या ऑर्डरी असायच्या. माझी स्वतःची लेक सासरहून यायची, तीही माझ्याशेजारी पुरण वाटत बसायची. आता दिवाळीलाच येते, आखाजीला येत नाही. तिला काय म्हणू? गरम मांडा लोकांनी खाल्ला, आम्ही मायलेकींनी रात्री गार. एवढी एक गोष्ट मनातून जात नाही. म्हणून तुला सांगते, दुकान कितीही चालो, भरिताचा पहिला घास उभ्याउभ्या घेऊ नकोस. बैस. पान घे. बायकोला शेजारी बसव. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबलं तर मरत नाही.

एका हॉटेलवाल्यानं मला मांडे बारा महिने मागितले होते. घडी घालून गोठवायचे, पाकिटात भरायचे, मुंबईला पाठवायचे. पैसा चांगला होता. मी नाही म्हटलं. पोरगा अजून मधून मधून ऐकवतो, आई, तेव्हा हो म्हणाली असतीस तर वरचा मजला झाला असता. झाला असता, मला का कळत नाही? पण खापरावरून उतरलेला मांडा तासाभरात कसा होतो ते मी हातानं पाहिलंय; महिन्यानंतर पाकिटातून निघेल त्याला मी मांडा म्हणणार नाही आणि कोणी माझ्या नावानं म्हटलेलंही मला चालणार नाही. हेकट म्हणतात, म्हणू देत. माझ्या दारात आखाजीच्या आठ दिवस आधीपासून रांग लागायची, ती बारा महिने मांडे विकले असते तर लागली असती का? सांग ना.

बरं, तू हुशार आहेस, म्हणशील की मग बिबडे, पापड, कुरडया वर्षभर कशा चालतात? अरे, त्या आपल्या उन्हाच्याच वस्तू. ते ऊन नसेल तर बिबडा वाळतच नाही. वेळेवर करून ठेवलेलं खुशाल वर्षभर खावं. आणि त्यातही वेळेची मजा वेगळीच: पापडाची लाटी तेलात बुडवून, कुरडयांचा गरम चीक वाटीत घेऊन, बिबड्याचा घाटा पातेल्याला लागलेला खरवडून. ते त्याच दिवशी, त्याच अंगणात. ते काही तुला पाकिटात मिळायचं नाही.

आता धंद्याचं. शेवभाजी, पातोड्यांचा रस्सा, वरणबट्टी बारमाही ठेव, त्यावर भाडं निघेल. पावसाळ्यात फुणके-कढी आणि गिलक्याची भाजी. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, चंपाषष्ठीपासून वांगी चांगली मिळतील तोवरच. आमरस आखाजीपासून मिरगापर्यंत. एकेक वस्तू पाटीवर आली की मोठ्या अक्षरात लिही, गेली की पूस, आणि कोणी मागितलं तर कधी येणार ते तारखेनिशी सांग. काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत. सगळ्यांना सगळं द्यायला तू काय लग्नाचा आचारी आहेस?

दादर ज्वारीचं विचारलंस. दादर पाण्यावर वाढत नाही, पाऊस गेल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. तेव्हा दोन पोती तुझ्या नावाची बाजूला काढून ठेवते. आत्ता पाठव म्हणून फोन करू नकोस, आत्ता घरात आहे ती मागच्या सालची आणि ती माझ्या खाण्यापुरतीच. कळण्याचं पीठ मात्र या रविवारी ट्रॅव्हल्सनं येईल, उडीद सालासकट घातलेत, मीठ त्यात आहे, वरून घालू नकोस. आणि मागच्या खेपेचे स्टीलचे डबे त्याच गाडीनं परत पाठव.

तुझी,
मावशी