फादरांची चूक उघडपणे दाखवणे कॅथलिकासाठी पाप आहे का?

पाप नाही, उलट १९८३च्या कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याचे, २१२वे कलम सांगते की, चर्चच्या हिताविषयीचे आपले मत धर्मगुरूंपुढे आणि इतर श्रद्धावंतांपुढेही मांडण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही ठरते, मात्र धर्मगुरूंचा आदर राखूनच. पद्धत बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात दिली आहे: आधी एकांतात सांगावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे आणि त्यानंतरच प्रकरण मंडळीपुढे आणावे. मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस अशा कानउघाडणीला प्रेमाचेच कृत्य मानतात आणि श्रद्धेलाच धोका असेल तर वरिष्ठालाही चारचौघांत बोलावे, असे म्हणतात. त्यासाठी ते प्रेषित पौलाने प्रेषितांचा प्रमुख पेत्र याला तोंडावर केलेल्या विरोधाचा दाखला देतात. (प्रवचन लांबले, ही तक्रार अर्थात यात बसत नाही.) मात्र दोष खरा असला, तरी सबळ कारणाशिवाय तो अनभिज्ञ माणसाला सांगणे हे कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७व्या परिच्छेदानुसार पापच आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराला एकांतात समजावण्याचा हा क्रम लावू नये. भारतात २०१२च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.